कुणाच्या नावाचा अलार्म?

मुलुंडमधलं एक मध्यम आकाराचं रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. वीज महावितरणची. (घाटकोपर, अंधेरी, बोरिवली हा पूर्वीच्या बीएसईएसचा, मग रिलायन्सचा आणि २०१८ पासून अदानींचा मुलूख, मुलुंड-भांडुप मात्र महावितरणकडे.) ट्रान्सफॉर्मर कंपाउंडमध्ये, एलटीचं मेन पॅनेल तळघरात, डिझेल जनरेटर मागच्या अंगाला. विजेवर नजर ठेवणारी नवी यंत्रणा तिथे बसते आहे आणि आज चॅनेल लावायचे आहेत. रुग्णालय माझ्या कल्पनेतलं आणि दोन्ही माणसंही. त्यांचं भांडण मात्र उपनगरांतल्या कितीतरी पॅनेल रूममध्ये होत असतं. एक जण सबस्टेशनात नोकरी करून निवृत्त झालेले, आता इथले मेंटेनन्स सुपरवायझर. सगळे त्यांना काका म्हणतात. दुसरी बोरिवलीहून आलेली ऑटोमेशन इंजिनीअर. काका तिला ‘मॅडम’ म्हणतात, आणि त्यात आदर किती आणि चिमटा किती हे तिला अजून कळलेलं नाही.

काका: मॅडम, ही यादी तुम्ही केलीत की कॉम्प्युटरने?

मॅडम: टेम्पलेट आहे काका. एका मीटरचे अठरा चॅनेल. तीन फेजची व्होल्टेज, तीन लाइन व्होल्टेज, तीन करंट, न्यूट्रल, किलोवॅट, केव्हीए, केव्हीएआर, पॉवर फॅक्टर, फ्रिक्वेन्सी, युनिट, आणि हार्मोनिकचे दोन टीएचडी. मीटर बत्तीस. पाचशे शहात्तर चॅनेल झाले.

काका: आणि अलार्म?

मॅडम: प्रत्येकाला वरची मर्यादा, खालची मर्यादा. अकराशे बावन्न.

काका: बरं. आता सांगा, फ्रिक्वेन्सी बत्तीस ठिकाणी मोजून काय करणार? मुलुंडपासून गुवाहाटीपर्यंत ग्रिडची फ्रिक्वेन्सी एकच असते.

मॅडम: जनरेटरवर गेलो की नसते.

काका: (थोडं थांबून) हे बरोबर. मग एक मेन इनकमरला ठेवा, एक जनरेटरला. बाकीच्या तीस काढा.

मॅडम: ठेवल्या तर बिघडतं काय? मेमरी स्वस्त आहे.

काका: तिथेच गोम आहे. आमच्या कंट्रोल रूममध्ये अ‍ॅनन्सिएटर असायचा. काचेच्या खिडक्या, मागे दिवा, प्रत्येक खिडकीवर कोरलेलं नाव. एका पॅनेलवर खिडक्या चोवीस. पंचविसावा अलार्म हवा असेल तर साहेबाकडे जाऊन चोवीसमधला कुठला काढायचा ते सांगावं लागे. ट्रान्सफॉर्मरच्या बुकॉल्झ रिलेची खिडकी कुणी काढू देत नसे, कारण आत गॅस जमला म्हणजे आत काहीतरी जळतंय. आता तुमच्याकडे खिडक्या अकराशे बावन्न. म्हणून कुणी कुणाशी भांडत नाही. म्हणून कुणी विचारही करत नाही.

काकांचा हा मुद्दा मला पटतो. पूर्वी एक अलार्म वाढवायला तार ओढावी लागे, रिले बसवावा लागे, काच कोरून घ्यावी लागे. म्हणजे पैसे जात आणि सही लागे. आता एका चौकटीत बरोबरची खूण केली की झालं. ज्याला काही मोल पडत नाही ते माणूस वाटेल तितकं घेतो.

मॅडम: पण काका, तुमच्या चोवीस खिडक्यांत जे नव्हतं ते कुणालाच दिसत नव्हतं. न्यूट्रलमधला करंट कुठल्या खिडकीत होता? आज या इमारतीत सगळे दिवे एलईडी, प्रत्येक मजल्यावर यूपीएस, लिफ्टला ड्राइव्ह. तिन्ही फेज समतोल असल्या तरी तिसऱ्या हार्मोनिकचा करंट न्यूट्रलमध्ये बेरीज होऊन परततो. केबल तापते, ब्रेकर पडत नाही, कारण न्यूट्रलकडे ब्रेकर बघतच नाही. हे नोंदलं नाही तर कळणार कसं?

काका: नोंदा ना! नोंदायला मी नाही म्हणालो का? मी म्हणतोय वाजवू नका.

इथे थोडं थांबतो, कारण दोघांच्या बोलण्यात चॅनेल आणि अलार्म एकमेकांत मिसळायला लागले आहेत. चॅनेल म्हणजे मोजलेला एक आकडा, ठरावीक वेळाने लिहून ठेवलेला. अलार्म म्हणजे कुणाला तरी हातातलं काम टाकून उठायला लावणारी हाक. आकडे हजार असले तरी हरकत नाही. महिन्याने कुणीतरी चहा घेत आलेख बघेल. हाक मात्र एका माणसाच्या झोपेतून, जेवणातून, दुसऱ्या दुरुस्तीतून वसूल होते. यंत्रणा विकणारे या दोन्हींचा एकच आकडा सांगतात, आणि घेणाऱ्यालाही तो मोठा असला की बरं वाटतं.

काका: आता अलार्मचं राहू द्या. आधी चॅनेल खरं बोलतोय का ते बघू. हा ऑपरेशन थिएटरचा फीडर. माझा टाँग टेस्टर दोनशे दहा अँपिअर दाखवतोय. तुमचा पडदा?

मॅडम: एकशे पाच.

काका: बरोबर निम्मा.

मॅडम: या फीडरचा करंट ट्रान्सफॉर्मर, सीटी, आठशे बाय पाचचा आहे, मीटरमध्ये चारशे बाय पाच भरलंय. माझ्या माणसाने शेजारच्या फीडरचं सेटिंग कॉपी केलं.

काका: म्हणजे तीनशे अँपिअरला अलार्म लावलात तर तो प्रत्यक्षात सहाशेला वाजणार. तोवर केबल वाजेल.

मॅडम: थांबा, आता माझी पाळी. हा चिलरचा फीडर. करंट तिन्ही फेजला सारखा, तुमच्या टेस्टरशी जुळतोय. तुम्ही असता तर ‘ओके’ म्हणून पुढे गेला असता.

काका: गेलो असतो.

मॅडम: पण किलोवॅट बघा, तीस. असायला हवेत नव्वदच्या आसपास. फेजनिहाय उघडलं की दिसतं: तीस, तीस आणि उणे तीस. एका सीटीची दिशा उलटी आहे. टाँग टेस्टरला दिशा कळत नाही, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

काका: (हसून) एक-एक.

ही तपासणी कंटाळवाणी असते आणि हस्तांतराच्या घाईत नेमकी तीच गळते. सीटीचं गुणोत्तर, दिशा, आर फेजच्या सीटीला आर फेजचंच व्होल्टेज मिळतंय का, मीटर जोडणाऱ्या मॉडबसच्या तारेवर दोन मीटरना एकच पत्ता तर दिलेला नाही, आणि दशांश आकड्याचे दोन अर्धे उलट क्रमाने वाचले जाऊन पडद्यावर भलतीच रक्कम तर येत नाही. यातली एक चूक राहिली तरी वर बांधलेले सगळे अलार्म खोटे. एक सोपी परीक्षा आहे: सगळ्या फीडरच्या किलोवॅटची बेरीज मेन इनकमरच्या आकड्याच्या जवळपास यायला हवी. ती आली नाही तर अलार्मच्या मर्यादा ठरवायला बसूच नये.

काका: आता मर्यादा. व्होल्टेज कमी झाल्याचा अलार्म किती व्होल्टला लावलात?

मॅडम: दोनशे पंचवीस. दोनशे चाळीसच्या सहा टक्के खाली.

काका: आणि मे महिन्यात दुपारी, अख्ख्या मुलुंडचे एसी चालू असताना, व्होल्टेज दोनशे चोवीस-सव्वीसच्या मध्ये नाचत असेल तर?

मॅडम: दर काही सेकंदांनी वाजेल, बंद होईल, परत वाजेल. म्हणून डेडबँड देतेय. दोनशे पंचवीसच्या खाली सलग तीस सेकंद राहिलं तरच वाजणार, आणि दोनशे तीसच्या वर गेल्याशिवाय मिटणार नाही.

काका: हे चांगलं केलंत. आता लाइट जाऊ दे. काय होईल?

मॅडम: बत्तीस मीटर, प्रत्येकाच्या सहा व्होल्टेज चॅनेलचे… (बोटं मोजत) एकशे ब्याण्णव मेसेज.

काका: एका घटनेचे. तेही माझ्या पोरांना जनरेटरकडे धावायचं असतं त्या मिनिटाला.

अलार्मचा हा पूर किती महाग पडतो याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण वेल्समधलं आहे. २४ जुलै १९९४ ला मिलफर्ड हेवन इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. खरं कारण त्या ढिगाऱ्यात कुठेतरी होतं. पुढे १९९९ मध्ये ईईएमयूए या ब्रिटिश संघटनेने १९१ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. एरवीच्या कामकाजात दहा मिनिटांत सरासरी एकच अलार्म असावा, ही त्या मार्गदर्शिकेची अपेक्षा. तीही पूर्णवेळ पडद्यासमोर बसलेल्या ऑपरेटरसाठी. आपल्याकडच्या रुग्णालयात पडद्यासमोर कुणी बसलेलं नसतं. बारा तासांच्या पाळीला एक इलेक्ट्रिशियन, आणि तो बहुतेक वेळा तिसऱ्या मजल्यावर ट्यूबलाइट बदलत असतो.

मॅडम: मान्य. मग मेन इनकमर गेला की खालचे सगळे अलार्म दाबून टाकते. मेसेज एकच: ‘मेन सप्लाय गेला’.

काका: तोही नको.

मॅडम: म्हणजे?

काका: लाइट गेलेली मेसेजने सांगायची गरज असते का? दिवे जातात, दिसतं. जनरेटर दहा-पंधरा सेकंदांत आला की संपलं. मेसेज पाहिजे तो जनरेटर आला नाही तर. आणि त्याहून आधी, जनरेटर येणारच नाही हे मला आदल्या दिवशी कळायला पाहिजे.

मॅडम: आदल्या दिवशी कसं कळेल?

काका: जनरेटर चालू का होत नाही माहीत आहे? इंजिन क्वचित दगा देतं. बॅटरी उतरलेली असते. नाहीतर डिझेल तळाला गेलेलं असतं. नाहीतर रविवारी कुणीतरी चाचणी घेताना जनरेटर आपोआप चालू करणाऱ्या एएमएफ पॅनेलचा सिलेक्टर ‘मॅन्युअल’वर केलेला असतो आणि परत ‘ऑटो’वर आणायला विसरलेला असतो. तुमच्या पाचशे शहात्तर चॅनेलमध्ये या तिन्हींपैकी एक तरी आहे का?

मॅडम: …नाही. ते मीटरमधून येत नाहीत. डिजिटल इनपुट ओढावे लागतील.

काका: ओढा. तार मी देतो.

या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. टेम्पलेट मीटरला जे सहज मोजता येतं ते मोजतं. रुग्णालयाला जे कळायला हवं ते बऱ्याचदा मीटरच्या आवाक्याबाहेर असतं. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबईकर विसरलेले नाहीत. कळव्याकडे येणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकेक करून गेल्या, दहाच्या सुमारास शहर आणि उपनगरं अंधारली, लोकल जिथल्या तिथे थांबल्या. मुंबईला ग्रिडपासून अलग करून स्वतःच्या विजेवर तगवणारी १९८१ पासूनची आयलँडिंग योजनाही त्या दिवशी टिकली नाही. नंतर सायबर हल्ल्याची चर्चा झाली, केंद्राने मानवी चूक म्हटलं. त्याच दिवशी मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात तासन्‌तास राबलेल्या जनरेटरला आग लागली आणि कोविडच्या काळात रुग्णांना दुसरीकडे हलवावं लागलं. तेव्हा जनरेटरचं तापमान आणि त्याच्यावरचा भार हे चॅनेल काकांच्या यादीत मी स्वतः जोडतो. सुरू झालेला जनरेटर किती वेळ चालू शकेल, हा प्रश्न ‘सुरू झाला का’ याच्याइतकाच मोठा आहे.

मॅडम: काका, बारा ऑक्टोबरचा विषय निघालाच आहे तर मीही काही विचारते. त्या दिवशी कुठली लाइन आधी गेली, कुठली नंतर, हे कशावरून ठरलं? घड्याळांवरून. प्रत्येक सबस्टेशनच्या नोंदीत वेळ लिहिलेली होती म्हणून. इथे तुमच्या बत्तीस मीटरची घड्याळं जुळवलेली नव्हती. मी आल्यावर बघितलं, दोन मीटरमध्ये सात मिनिटांचा फरक. उद्या मेन ब्रेकर पडला आणि कॅपॅसिटर पॅनेल आधी गेलं की नंतर असं विचारलं, तर तुमच्या रजिस्टरमध्ये काय सापडेल? ‘सकाळी लाइट गेली, सव्वाअकराला आली.’ सही.

काका: त्या सहीवर तीस वर्षं चाललं.

मॅडम: तुम्ही होतात म्हणून चाललं. ट्रान्सफॉर्मरचा आवाज बदलला की तुम्हाला कळतं. तुमच्यानंतर येणाऱ्या पोराला तो कान कुठून येणार? त्याला मागच्या सहा महिन्यांचा आलेख तरी मिळू दे.

यावर काका काही बोलले नाहीत. मीही या बाबतीत मॅडमच्याच बाजूने आहे. सगळ्या उपनगरांत काकांसारखी माणसं निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी कंत्राटदाराची दर सहा महिन्यांनी बदलणारी मुलं येत आहेत.

काका: पॉवर फॅक्टरचा अलार्म काढा. तो बिलाचा विषय आहे. रात्री दोन वाजता कुणाला उठवून पॉवर फॅक्टर सुधारणार?

मॅडम: काढला. सकाळच्या रिपोर्टमध्ये टाकते. पण मॅक्सिमम डिमांडचा ठेवणार. कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या वर गेलेल्या केव्हीएला दीडपट आकार लागतो. आणि तिथे करता येण्यासारखं आहे: दोनपैकी एक चिलर दहा मिनिटं बंद.

काका: करता येण्यासारखं आहे, मग ठेवा. नव्वद टक्क्यांना लावा, शंभरला नको. शंभरला वाजला तर नुसता शोक करायचा. आणि आणखी एक चॅनेल लिहून घ्या. पाणी.

मॅडम: पाणी?

काका: या खोलीच्या जमिनीपासून चार बोटांवर एक फ्लोट स्विच. सव्वीस जुलैचा महापूर आला तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होतात?

मॅडम: शाळेत.

काका: सांताक्रूझला चोवीस तासांत नऊशे चव्वेचाळीस मिलिमीटर. सबस्टेशनांत पाणी शिरलं, म्हणून वीज बंद ठेवावी लागली, काही भागांत दिवसन्‌दिवस. तळघरातलं पॅनेल बुडालं की तुमचे अकराशे बावन्न अलार्म त्याच्याबरोबर बुडाले.

मॅडम: टेंडरमध्ये पाणी नाही.

काका: पावसालाही टेंडर माहीत नाही.

फ्लोट स्विच लिहिला गेला. आता उरला सगळ्यात नाजूक प्रश्न: काहीच वाजत नसेल तर सगळं ठीक आहे असं समजायचं का?

मॅडम: मॉडबसवर मीटर आपणहून बोलत नाही, विचारल्यावरच उत्तर देतो. तार तुटली, की काही सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो. दोनशे अडतीस व्होल्ट. सुंदर, स्थिर, आणि कालचे.

काका: आम्ही पाळी बदलताना पहिलं काम ‘लँप टेस्ट’चं बटण दाबायचो. चोवीसच्या चोवीस खिडक्या पेटल्या पाहिजेत. एक नाही पेटली तर बल्ब बदलल्याशिवाय चार्ज घ्यायचा नाही.

मॅडम: अमेरिकेत ते बटण कुणी दाबलं नाही. १४ ऑगस्ट २००३, ओहायोतली फर्स्टएनर्जी कंपनी. दुपारी दोन वाजून चौदा मिनिटांनी कंट्रोल रूममधला अलार्म देणारा प्रोग्रॅम अडकला. अडकला हे सांगणारा अलार्म नव्हता. ऑपरेटर तासाभराहून जास्त वेळ शांत पडद्याकडे बघत बसले, बाहेरून फोन येत होते तरी. चार वाजून दहा मिनिटांनी ग्रिड कोसळला, पाच कोटी माणसं अंधारात.

काका: बघा! म्हणजे जास्त वाजला तरी मेलो आणि नाही वाजला तरी.

मॅडम: म्हणून प्रत्येक मीटरला ‘संपर्क तुटला’ हा अलार्म, आणि यंत्रणेचाच रोज सकाळी आठला एक मेसेज: ‘मी जिवंत आहे.’ तो आला नाही तर समजायचं.

काका: कोण समजणार? मेसेज कुणाला जाणार?

मॅडम: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केलाय. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अकाउंट्स, तुम्ही, कंत्राटदार, आमचे दोघे. एकूण एकवीस जण.

काका: एकवीस जणांना गेलेला मेसेज कुणालाच गेला नाही. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितला असेल. आणि ग्रुपवर सकाळी ‘शुभ प्रभात’ असतंच.

मग दोघं बसून प्रत्येक अलार्मपुढे एक नाव लिहू लागले. ज्याच्यापुढे नाव सुचत नव्हतं तो अलार्म आपोआप नोंदीत जात होता, आणि ज्याच्यापुढे नाव होतं पण ‘काय करायचं’ या रकान्यात काही लिहिता येत नव्हतं तोही. मेसेजचे शब्दही बदलले. ‘एमएफएम-०७ चॅनेल ३ लो’ हे वाचून रात्रपाळीच्या मुलाला काय कळणार? त्याऐवजी ‘आयसीयू यूपीएस बॅटरीवर, दुसरा मजला, इनकमर बघा’. देवनागरी एसएमएसमध्ये सत्तरच अक्षरं मावतात. मला ती अडचण वाटत नाही, पाल्हाळ आपोआप थांबतो. रोमनमध्ये एकशे साठ मावतात, आणि कदाचित म्हणूनच त्यात इतकं निरर्थक लिहिलं जातं.

संध्याकाळपर्यंत यादी अकराशे बावन्नवरून एकतीसवर आली. त्यातले सहा असे, की मेसेज पाच मिनिटांत कुणी स्वीकारला नाही तर पुढच्या माणसाला सरळ फोन जाईल. एका मुद्द्यावर मात्र दोघांचं जमलं नाही. आयसीयूचा यूपीएस बॅटरीवर गेला की वॉर्डातल्या सिस्टरला मेसेज जावा, असं काकांचं म्हणणं. इलेक्ट्रिकलचा अलार्म इलेक्ट्रिकलच्या माणसालाच जावा, सिस्टरला उगाच घाबरवू नये, असं मॅडमचं. मला काकांचं पटतं. बॅटरी संपायच्या आत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णापाशी अंबू बॅग घेऊन उभं राहायचं असतं ते सिस्टरला. इलेक्ट्रिशियन तेव्हा तळघरात असतो.

तुमच्या रुग्णालयात, सोसायटीत किंवा अंधेरीच्या एखाद्या गाळ्यात अशी यंत्रणा बसत असेल, तर कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता देण्याआधी एक करा. कुणाला न सांगता एका मीटरची संपर्काची तार काढा आणि किती मिनिटांत कुणाचा फोन वाजतो ते घड्याळावर बघा. कुणाचाच वाजला नाही तर हप्ता देऊ नका.